रस्टिक म्हणजे आपलं गावठीच की!

कॅफेच्या मेन्यूकार्डावर सध्या एक शब्द भलताच फॉर्मात आहे. रस्टिक! रस्टिक ब्रेड, रस्टिक सूप, रस्टिक व्हेजिटेबल अँड चीज टार्ट. वेटरला अर्थ विचारलात तर तो 'मॅम, थोडं होममेड टाइप' असं काहीतरी सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा डिक्शनरी उघडा. तिथे सरळ लिहिलेलं असतं, खेडवळ, ग्रामीण, ओबडधोबड. थोडक्यात काय, तर गावठी!

आता खरी गंमत इथे आहे. जळगाव-धुळ्याकडून शिकायला किंवा नोकरीला पुण्या-मुंबईत आलेल्या कुणालाही विचारा, 'गावठी' हा शब्द त्यानं कितीदा ऐकलाय. होस्टेलवर डबा उघडला की कळण्याची भाकरी बघून 'ही काळपट का गं?' ठेच्याचा वास आला की खिडकी उघडणारी एखादी रूममेट. 'तुमच्याकडे सगळं एवढं झणझणीत का असतं?' हा प्रश्न तर फ्रेशर्स पार्टीपासून ऑफिसच्या लंच टेबलपर्यंत पाठ सोडत नाही. आम्ही काय करायचो? भाकरी रूमवर खायची आणि कँटीनमध्ये सँडविच मागवायचं. सिंपल!

आणि आता तेच भाजलेलं वांगं, त्याच करपलेल्या कडा आणि तोच वेडावाकडा आकार काळ्या दगडी प्लेटमधून समोर येतो, तेव्हा त्याला रस्टिक म्हणायचं आणि वर सर्व्हिस चार्जही द्यायचा. हे काही खरं नाही, बॉस!

म्हणून या आठवड्याचा फंडा असा. टार्ट घरीच करायचा, तोही खानदेशी भरताच्या वांग्याचा. आणि एकदा करून बघितलात की लक्षात येईल, यातलं अवघड ते सगळं आपल्या घरात कुणाला तरी आधीपासूनच येतं.

टार्ट म्हणजे नेमकं काय?

मैदा आणि बटरची खुसखुशीत पारी आणि तिच्यावर उघडं सारण, हा झाला टार्ट. वरून झाकलं की पाय. अंडं आणि क्रीमचं मिश्रण ओतून भाजलं की कीश. नेहमीच्या टार्टला कातरी कडांचा खास साचा लागतो, पण रस्टिक टार्टला साचाच नसतो. पारी लाटायची, मधोमध सारण पसरायचं, कडा आत दुमडायच्या आणि भाजायचं. फ्रान्समध्ये याला गॅलेट म्हणतात, इटलीत क्रोस्ताता. तिथल्या खेड्यांतला हा घरगुती प्रकार, परसातलं किंवा बाजारात मिळेल ते पारीत गुंडाळायचं. आकार वाकडा आला तर आला. उलट वाकडा आला, तरच तो अस्सल!

म्हणजे पहिल्यांदा बेकिंग करणाऱ्यांसाठी हा एकदम सेफ पदार्थ. केक फुगला नाही तर सगळ्यांना कळतं. टार्ट थोडा तिरका झाला तर 'हँडमेड आहे' म्हणायचं. विषय संपला.

वांगं आपलं, सर्टिफिकेटवालं

खानदेशात थंडी पडली की भरताच्या पार्ट्या सुरू होतात, हे काही वेगळं सांगायला नको. शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी टाकायची, साल काळी झाली की सोलायची आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्या-लसणासोबत लाकडी बडगीत ठेचायची. वरून तेलात परतलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी. अहाहा!

या पार्टीचं वांगंही साधंसुधं नाही. फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेषा, आकारानं चांगलं दणदणीत, आणि आत बिया कमी. यावल तालुक्यातलं बामणोद या वांग्यासाठी प्रसिद्ध. 2016 साली 'जळगाव भरीत वांगी' या नावानं त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. दार्जिलिंगच्या चहाला जे आहे, तेच हे. म्हणजे कायद्याच्या कागदावर आपलं वांगं केव्हाच ब्रँड झालंय. आपण मात्र अजून त्याची ओळख करून देताना 'आमच्या गावाकडचं असंच काहीतरी' म्हणतो!

टार्टसाठी हे वांगं इतकं झकास का, तर त्याचा गर. बिया कमी, गर जास्त आणि भाजल्यावर येणारा धुराचा वास. बाहेरच्या टार्टमध्ये बऱ्याचदा झुकिनी, बेल पेपर आणि चेरी टोमॅटो असतात. दिसायला सुंदर, चवीला मिळमिळीत. धुराचा वास असलेल्या वांग्यावर चीज वितळलं की वेगळं काही घालावंच लागत नाही.

एकच शत्रू आहे. पाणी! वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते तसंच पारीवर घातलं तर खालून टार्ट गिचका होणार. त्यावर उपाय तीन. गर चाळणीत अर्धा तास निथळायचा. मग कढईत कोरडा होईपर्यंत परतायचा. आणि पारीवर आधी शेंगदाण्याच्या कुटाचा थर द्यायचा. बाहेरच्या रेसिपींत या जागी ब्रेडक्रम्स किंवा बदामाची पूड सांगतात. काम तेच, सुटलेलं पाणी शोषून घ्यायचं. चवीत मात्र कूट पुढे आहे, आणि आपल्या घरात तो बरणीभर असतोच!

आईला आधीच माहीत होतं

यावर्षी जळगावला घरी गेले होते, तेव्हा ओट्यावर मैदा आणि बटर घेऊन बसले. आई बाजूला मेथी निवडत होती. मी बटरचे तुकडे पिठात चोळायला लागले तशी तिनं मान वळवली.

'मोहन घालतेयस?'

'मोहन नाही गं आई, शॉर्टक्रस्ट आहे.'

'मग मुटका वळून बघ की.'

पॉइंट! शंकरपाळी असो, करंजी असो की बट्टी, पिठात तेल-तूप चोळायचं आणि मुठीत दाबून मुटका वळतो का बघायचं, ही आपल्याकडची जुनी टेस्ट. बेकिंगच्या क्लासमध्ये हेच शिकवतात, फक्त इंग्रजीत. कारणही एकच. स्निग्धपणा पिठाच्या कणांभोवती बसला की पाणी घातल्यावर ग्लुटेनचे लांब धागे तयार होत नाहीत, त्यामुळे पीठ चिवट न होता खुसखुशीत राहतं.

फरक आहे तो तापमानाचा. आपलं मोहन कडकडीत गरम. टार्टचं बटर मात्र फ्रीजमधून काढलेलं थंडगार. बटरचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच राहायला हवेत. ओव्हनमध्ये गेल्यावर ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पारीचे पदर सुटे करते. तुकडे आधीच विरघळले तर पदर सुटत नाहीत, बिस्किटासारखी पारी होते. वाईट नाही, पण ती मजा नाही.

आता तुम्ही म्हणाल, जळगावात थंडगार बटर? मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तिथे? बरोबर आहे. म्हणूनच हा पदार्थ थंडीतला. ज्या दिवसांत भरताची वांगी भरात असतात, त्याच दिवसांत स्वयंपाकघरही पेस्ट्रीला मानवेल इतकं गार असतं. हा योगायोग आपण साधायचा.

पिठाचंही एक गणित आहे. नुसत्या ज्वारीची पारी करायचा मोह होईल. करू नका. ज्वारीत ग्लुटेन नसतं. भाकरी एकत्र राहते ती गरम पाण्यामुळे आणि मळणाऱ्या हातामुळे. टार्टला पाणी गार लागतं आणि मळायचं तर जवळजवळ नाहीच, त्यामुळे नुसत्या ज्वारीची पारी उचलतानाच फुटणार. पाचवा हिस्सा मात्र बिनधास्त घाला. आणि घरात कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ असेल तर तेच घाला. किंचित काळपट रंग येतो आणि खमंगपणा असा की विचारू नका. होस्टेलवर ज्या रंगावरून प्रश्न यायचे, तोच रंग इथे 'मल्टिग्रेन' म्हणून मिरवतो!

ओव्हन नाही? सो व्हॉट!

बेकिंग म्हणजे मोठ्या शहरातलं फॅड, असं वाटत असेल तर जरा आठवा. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप, साखर पिशवीत भरून बेकरीच्या भट्टीवर नंबर लावणारे आपणच ना? गरम नानकटाईचे डबे सायकलच्या हँडलला लावून घरी यायचे. या नानकटाईचं नातं सुरतेशी सांगितलं जातं, आणि सुरत आपल्याला परकी कधी होती? जळगाव-धुळे जिल्ह्यांतून वाहणारी तापी शेवटी तिथेच तर समुद्राला मिळते.

आणि बट्टी? गव्हाच्या जाडसर पिठात मोहन, ओवा आणि हळद घालून केलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजणं हे बेकिंगच आहे. चारी बाजूंनी सारखी आच, आतून शिजलेलं, बाहेरून कडक. फक्त थर्मोस्टॅट नाही. आच हाताला कळते.

आता प्रॅक्टिकल बोलू. घरी छोटा ओटीजी असेल तर उत्तम. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तरी चालेल, फक्त तो कन्व्हेक्शन मोडवरच ठेवा. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर पारी लिबलिबीत होते, आणि त्यात धातूचा ट्रे ठेवायचा नसतो. दोन्ही नसेल तर जाड बुडाची मोठी कढई घ्या, नॉनस्टिक नको. तळाला जाड मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. पंधरा मिनिटं तापवा आणि मग टार्ट स्टीलच्या ताटलीत ठेवून मध्यम आचेवर भाजा. वेळ जास्त लागतो, पाऊण तासाच्या वर, आणि वरून ओव्हनसारखा सोनेरी रंग येत नाही. म्हणून कढईत मोठा एक करण्याऐवजी तळहाताएवढे छोटे चार करा. ते नीट होतात.

चला, करू या!

पारीसाठी: मैदा 120 ग्रॅम, कणीक 40 ग्रॅम, कळण्याचं किंवा ज्वारीचं पीठ 40 ग्रॅम, थंड बटर 100 ग्रॅम, अर्धा चमचा ओवा, बर्फाचं पाणी 4 ते 5 मोठे चमचे. बटर खारं असेल तर पिठात वेगळं मीठ नको.

सारणासाठी: भरताचं मोठं वांगं साधारण अर्धा किलोचं, हिरव्या मिरच्या 5-6, लसणाच्या पाकळ्या 7-8, कांद्याची पात एक छोटी जुडी, मूठभर कोथिंबीर, एक टोमॅटो, दाण्याचा कूट 3 मोठे चमचे, किसलेलं चीज 100 ग्रॅम, तेल 2 चमचे.

1. सगळी पिठं आणि ओवा एकत्र करा. बटरचे छोटे तुकडे करून बोटांच्या टोकांनी पिठात चोळा. तळहात लावू नका, तो गरम असतो. वाटाण्याएवढे तुकडे दिसायला हवेत.

2. गार पाणी चमच्या-चमच्यानं घालत पीठ फक्त गोळा होईल इतपत एकत्र आणा. पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही. गोळा थोडा चपटा करून, झाकून फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा.

3. तोवर वांग्याला तेलाचा हात लावा, सुरीनं चार-पाच टोचे मारा आणि गॅसवर फिरवत भाजा. टोचे मारले नाहीत तर वांगं फुटतं, ओटा पुसत बसावं लागतं. मिरच्या-लसूणही आचेवरच भाजा. साल काढून गर चाळणीत निथळत ठेवा.

4. मिरची-लसूण ठेचा. कढईत तेलावर पात परता, त्यात ठेचा आणि गर घालून पाच-सात मिनिटं कोरडं करा. मीठ बेतानं, कारण बटर आणि चीज दोन्ही खारट. कोथिंबीर घाला आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम सारण पारीवर गेलं की सगळी मेहनत पाण्यात!

5. ओव्हन 200 अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. बेकिंग पेपरवर साधारण 30 सेंटिमीटरची पारी लाटा. जाडी पोळीहून जास्त, 4 मिलिमीटरच्या आसपास. कडा फाटल्या तर चिमटीनं जोडा.

6. कडेची 4 सेंटिमीटर जागा सोडून आधी कूट, मग निम्मं चीज, मग भरीत, वर बिया काढलेल्या टोमॅटोच्या चकत्या आणि उरलेलं चीज. कडा आत दुमडा, त्यांना दुधाचा हात लावा.

7. ओव्हनच्या खालच्या कप्प्यात 35 ते 40 मिनिटं भाजा. कडा गडद सोनेरी झाल्या आणि उलथन्यानं उचलल्यावर तळ कडक लागला की झालं. दहा मिनिटं थांबून मग कापा. हे दहा मिनिटं थांबणं हीच सगळ्यात अवघड स्टेप!

चीजबद्दल एक टिप. नेहमीचं प्रोसेस्ड चीज वितळतं छान, पण मोझरेलासारख्या तारा सुटत नाहीत. दोन्ही निम्मं-निम्मं घेतलंत तर तारही येते आणि खारट चवही. फक्त मोझरेला घेतलं तर सारणात मीठ किंचित वाढवा.

धुळ्याची टेस्ट

टार्ट कॅफेत पास होणं सोपं आहे. खरी परीक्षा धुळ्याला. माझी मावशी तिथे राहते, लग्नाकार्यात शंभर-शंभर पानांच्या बट्ट्यांचं पीठ जिच्या नजरेखालून गेलंय अशी बाई. दुसऱ्या दिवशी उरलेला अर्धा टार्ट डब्यात घालून एरंडोल-पारोळामार्गे एसटीनं धुळं गाठलं. तिनं तो तव्यावर झाकण ठेवून गरम केला (हेही लक्षात ठेवा, मायक्रोवेव्हपेक्षा तव्यावर पारी जास्त कुरकुरीत होते) आणि निरखून बघितला.

'हाई काय शे?'

मी सांगायला लागले. गॅलेट, फ्रान्स, रस्टिक वगैरे. तिनं तेवढ्यात घास घेतला होता.

'चांगलं लागस. मिरची कमी शे.'

मग म्हणाली, कडा अशा नुसत्या दुमडून का ठेवल्यास? सुटतात ना. तिनं फ्रीजमधून उरलेल्या पिठाचा गोळा काढायला लावला (तोही मी सोबत नेला होता), पारी लाटली आणि करंजीला घालतात तशी कडेनं मुरड घातली. बोटं अशी झरझर चालली की मी मोबाइल काढेपर्यंत काम संपलेलं. तो दुसरा टार्ट भाजल्यावर एका ठिकाणीही फुटला नाही, चीज बाहेर आलं नाही, आणि दिसायला? त्या दगडी प्लेटवाल्या कॅफेनं शोकेसमध्ये ठेवावा असा.

मावशीनं बेकिंगचा कोर्स केलेला नाही. तिच्या भाषेत या सगळ्याला 'येतं' एवढाच शब्द आहे. मोहन किती, आच किती, मुरड कशी, सगळं 'येतं'. आपण मात्र हेच वीकेंड वर्कशॉपला फी भरून शिकतो, सर्टिफिकेट घेतो आणि बायोडेटात 'इंटरेस्ट्स'च्या खाली लिहितो. दोष वर्कशॉपचा नाही, तिथेही चांगलं शिकायला मिळतं. पण ज्या हातांना हे आधीपासून येतं, त्यांना आपण कधी विचारलं? लाज वाटण्यात आपली कॉलेजची वर्षं गेली, आता विचारायला तरी उशीर नको.

म्हणून या थंडीत घरी जाल तेव्हा एक करा. परतताना बॅगेत दोन किलो भरताची वांगी आणि पावशेर कळण्याचं पीठ आणा. त्याआधी आईच्या, मावशीच्या, आजीच्या बाजूला उभं राहून एकदा पारी लाटा, त्यांना हात लावू द्या, त्या काय म्हणतात ते ऐका. मिरची त्या सांगतील तितकी घाला.

आणि ऑफिसच्या पॉटलकला टार्ट घेऊन गेलात, सगळे बोटं चाटत 'वॉव, हे काय आहे?' विचारायला लागले, की रस्टिक-बिस्टिक सांगत बसू नका. आवाज खाली न आणता सांगा, 'गावठी आहे. जळगावचं.'